देव उजव्या हाताला

मुळगावच्या शाळेची पिवळी बस चालवणारा जयराम परब चौपन्नाव्या वर्षी धावायला लागला, तो तब्येतीसाठी नव्हे. तब्येत त्याची ठणठणीत होती आणि तसा डॉक्टरचा कागदही त्याच्याकडे होता. अडचण एवढीच होती, की तो कागद कोणी पाहिला नव्हता आणि व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता.

व्हिडिओ बावीस सेकंदांचा होता. सप्टेंबरात भर दुपारी चढणीवर बसचं मागचं चाक बसलं. जयरामने मुलांना सावलीत बसवलं, एकट्याने चाक बदललं आणि मग बसच्या पायरीवर बसून तोंड उघडं टाकून धापा टाकल्या. हात छातीवर. खरं म्हणजे हात छातीवर नव्हता, सदऱ्याच्या खिशात होता, तो चष्मा शोधत होता. पण व्हिडिओत चष्मा दिसत नाही. रस्त्याने जाणाऱ्या कुणा पालकाने तो काढला आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'हो आमच्या भुरग्यांचो ड्रायव्हर.' संध्याकाळपर्यंत एकसष्ट जणांनी आपापली काळजी लिहून कळवली. दोघांनी तर कुठल्या वयात कुठला झटका येतो याचे तक्तेही टाकले.

जयराम स्वतः त्या ग्रुपात नव्हता. त्याची बायको सुशीला शाळेच्या बालवाडीत मदतनीस, म्हणून ती होती. तिने एकसष्टच्या एकसष्ट मतं वाचली, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "हेंचे पोरगे रोज तुमी सुखरूप घराक हाडून सोडतास, ता कोणी व्हिडिओ काडूक नाय."

शाळेचा मॅनेजर दत्तप्रसाद गावस हा जयरामच्या वर्गातला. चौथीपर्यंत दत्तप्रसाद जयरामच्या पाटीवरून गणितं उतरवून घ्यायचा. पुढे तो शिकला, जयराम शिकला नाही, त्यामुळे शाळेच्या आवारात जयराम त्याला सर म्हणायचा आणि आवाराबाहेर दत्तू. दत्तप्रसादने त्याला ऑफिसात बोलावलं आणि पंखा जोरात केला. वाईट बातमी द्यायची असली की तो पंखा जोरात करायचा.

"माका तुजो काय संशय नाय," तो म्हणाला. "डॉक्टरान लिवन दिलां ता मी वाचलंय. पण ग्रुपार वाचता कोण? थंय सगळे बगतत."

"मगे करूया काय?"

"डिसेंबरात शाळेची शर्यत आसा. पाच किलोमीटर, चढणीची. भायले लोक येतत, मशिनीन टायम लागता, नावाचा सर्टिफिकेट मेळता. तू पंचेचाळीस मिनटात पुरी कर. ता सर्टिफिकेट मी ग्रुपार घालतंय. सगळ्यांची तोंडा बंद."

"आनी जमला नाय तर?"

दत्तप्रसादने पंख्याकडे पाहिलं. "जानेवारीपासून कंत्राटदाराचो ड्रायव्हर येतलो. माज्या हातात रवलां नाय रे, जयराम."

जयराम 'बरां' म्हणून बाहेर आला. बसमध्ये बसला, आरसा पुसला. खाणी बंद पडल्यावर तो सहा वर्षं घराच्या पडवीत बसून होता. समोर त्याचा स्वतःचा टिप्पर उभा होता, त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला होता आणि सुशीला स्टिअरिंगपाशी हात घालून दोडकी काढायची. त्या सहा वर्षांत त्याला कोणी सकाळी उठवलं नव्हतं, कारण उठवण्याचं कारण नव्हतं. टिप्पर भंगारात गेला, बस मिळाली, तेव्हा तो पुन्हा माणसांत आला. आता बस गेली तर परत पडवी, याची त्याला भीती वाटत होती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

ज्या चढणीवर धावायचं, ती चढण जयरामला तोंडपाठ होती. खाणींच्या भरात वीस वर्षं त्याने तिच्यावर टिप्पर चालवला. रिकामा टिप्पर वर, भरलेला खाली, आणि जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून प्रत्येक ड्रायव्हर दुसऱ्याच्या पुढे जायला टपलेला. त्या काळी जयराम परब गावात वाऱ्यासारखा यायचा आणि माणसं गटारात उड्या मारून त्याला वाट द्यायची. आज त्याला ट्रॅक्टरसुद्धा मागे टाकून जातात. बस तो तीसच्या वर नेत नाही. मुलं ओरडतात, "मामा, फास्ट!" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

चढणीच्या माथ्यावर वड आहे आणि वडाखाली देव राष्ट्रोळी. खालून येणारा रस्ता वडापाशी फुटतो, देवाला मध्ये घेतो आणि पलीकडे परत एक होतो. वर जाताना डावीकडचा फाटा जरा लांबून वळसा घेतो, उजवीकडचा सरळ आणि आखूड. पण आखूड म्हणून वर जाताना उजवीकडून कोणी जात नाही. डावीकडून गेलं की देव उजव्या हाताला राहतो. वरून उतरतानाही आपल्या डावीकडचा फाटा धरायचा, म्हणजे देव पुन्हा उजव्या हातालाच. मुळगावात हे कुणाला शिकवत नाहीत. इथली गुरंही तसंच जातात. वाहतुकीचे नियम लिहिणाऱ्यांनी पुढे जे सांगितलं ते राष्ट्रोळीने आधीच लावून दिलेलं होतं, त्यामुळे त्या वळणावर कधी अपघात झाला नाही.

एक झाला होता. पंचवीस वर्षांपूर्वी पुढच्या टिप्परला गाठण्यासाठी एका ड्रायव्हरने रिकामा टिप्पर उजवीकडच्या आखूड फाट्याने वर घातला. समोरून, आपल्या बरोबर बाजूने, पाटी-दप्तर घेतलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी उतरत होती. तिने गटारात उडी मारली म्हणून वाचली. हात कोपरात मोडला. ड्रायव्हरने खेप सोडली, तिला केबिनमध्ये घेतलं आणि डिचोलीच्या इस्पितळात नेलं. मुलीच्या बापाने तक्रार केली नाही. राष्ट्रोळीची दिवाबत्ती बघणारा बाबली तेवढा म्हणाला, "देवाक डावो घातलंस मरे तू." तो ड्रायव्हर जयराम परब होता.

त्या मुलीचं नाव संजना. लग्नानंतर काही वर्षं ती म्हापशाला राहिली, आता वडापलीकडच्या माहेरच्या घरी परत आली आहे आणि तिचा मुलगा दुसरीत आहे. रोज सकाळी सव्वासातला ती मुलाचा हात धरून बसपाशी येते. त्याला पायरीवर चढवताना तिचा उजवा हात वर जातो आणि कोपरात जरा वाकडा राहतो. दोन वर्षं जयराम तो कोपर बघतो आहे. ती "आयलो" म्हणते, तो "हय" म्हणतो, यापलीकडे दोघं बोललेले नाहीत. रोज सकाळी त्या एका थांब्यावर त्याला लाज वाटते आणि ती पुढच्या थांब्यापर्यंत पुरते.

तर जयराम धावायला लागला. गावात चौपन्न वर्षांचा माणूस कारणाशिवाय धावताना दिसला तर लोक आधी आग कुठे लागली ते विचारतात. पहिल्याच दिवशी पहाटे चढणीवरच्या चिंचेपाशी कोणीतरी हटकलं, "खंय रे धावतंस?" जयरामच्या तोंडून निघून गेलं, "वासरू चुकलां, ता बगतंय."

दुसऱ्या दिवशीही वासरू चुकलेलं होतं. तिसऱ्या दिवशी दोघेजण त्याच्याबरोबर शोधायला आले, त्यामुळे धावणं झालं नाही. चौथ्या दिवशी देवळापाशी चर्चा झाली, की बिबट्याने नेलं असणार. आठव्या दिवशी बाबली एक तांबडं वासरू दोरीने ओढत घेऊन आला आणि जयरामच्या अंगणातल्या माडाला बांधून म्हणाला, "घे तुजा वासरू. सड्यार गावला. किती दिस सोदत रवतलंस?"

परबांच्या घरी गेल्या अकरा वर्षांत जनावर नव्हतं. सुशीला दारात येऊन वासराकडे बघत राहिली.

"ह्या खंयचा?"

"आपलाच," जयराम म्हणाला. बाबली अजून अंगणात होता.

बाबली गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. सुशीलाने ऐकून घेतलं, आत जाऊन भाताची पेज आणली आणि वासरापुढे ठेवली. चौकशी बरीच केली, पण वासराला धनी मिळाला नाही. मात्र आता वासरू सापडलेलं असल्यामुळे जयरामला रोज पहाटे काय चुकलं हे सांगायची पंचाईत झाली. शेवटी त्याने शर्यतीचं खरं कारण सोडून बाकी सगळं खरं सांगितलं. लोकांनी मान हलवली. काहींनी सुशीलाकडे परस्पर चौकशी केली, घरात काय बिनसलंय का म्हणून.

त्याचं घड्याळ म्हणजे पोदेर. पावाची मोठी टोपली सायकलला बांधून पोदेर रोज सहाच्या सुमाराला चढणीला लागायचा, अर्ध्यावर उतरायचा आणि सायकल ढकलत वर जायचा. सुरुवातीचे तीन आठवडे ढकलत्या सायकलनेही जयरामला मागे टाकलं. पोदेर चांगला माणूस, पुढे जाताना दुसरीकडे बघायचा. चिंचेपर्यंत जयरामची छाती भरायची, वडापर्यंत पाय शिसं व्हायचे. मग त्याला टिप्पर आठवला. चिंचेच्या आधीच दुसरा गियर टाकायचा, वडापाशी पहिला, आणि इंजिनाला ओरडू द्यायचं नाही. त्याने पाऊल लहान केलं, तोंड मिटलं. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी त्याने वडाच्या अलीकडे पोदेराला गाठलं आणि पुढे काढलं. माथ्यावर थांबून त्याच्याकडून सहा उंडे पाव घेतले, लागत नसताना. पाचही किलोमीटर मिळून सुशीलाच्या फोनवर त्रेचाळीस मिनिटं भरली.

"दोन मिनटां हातात आसत," सुशीला म्हणाली. "ती खंय घालव नकात."

शर्यतीच्या रविवारी शाळेचं मैदान गाड्यांनी भरून गेलं. पणजीचे, म्हापशाचे, बेळगावचे, दोनशे तरी लोक. सगळ्यांच्या अंगावर असे कपडे, की आपण एवढे पैसे देऊन एवढंसं कापड घेतलं असतं का, असा प्रश्न मुळगावकरांना पडावा. जयरामने खाकी पॅन्ट गुडघ्याशी कापून घेतली होती. छातीवर नंबर, एकशे ब्याण्णव. नंबराच्या मागे नाण्याएवढं काहीतरी चिकटवलेलं, ते म्हणजे यंत्राला कळणारा माणूस. यंत्र सांभाळायला कोल्हापूरची योगिता नावाची बाई आली होती. टेबलावर लॅपटॉप, डोक्याला टोपी, बोलणं सरळ. ती सगळ्यांना सांगत होती, "सुरुवातीला एक काळी पट्टी, वाटेत एक पट्टी आणि शेवटी एक. तिन्ही पट्ट्यांवर पाय पडला पाहिजे बघा. नाहीतर मशीन तुम्हाला ओळखणार न्हाई."

वाटेतली पट्टी कुठे, हे कोणी विचारलं नाही. नकाशा महिनाभर आधी येऊन दत्तप्रसादची त्यावर सही झाली होती. रस्ता मोजणाऱ्यांनी नियमाप्रमाणे सगळ्यात आखूड वाट धरली होती आणि नकाशात वड दाखवलेला नव्हता.

सात वाजता शर्यत सुटायची होती, पण गाऱ्हाणं झाल्याशिवाय मुळगावात काही सुटत नाही. बाबलीने नारळ हातात घेतला. बारा वाड्यांच्या, सीमेवरच्या, पाण्याच्या, वाटेच्या सगळ्या देवांना बोलावून झाल्यावर तो म्हणाला, "आनी भायसून इल्ली ही लेकरां, तेंका हयचा काय म्हाईत नाय. कोणाचा पाऊल चुकीच्या बाजून पडला तर सांभाळून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. बाहेरचेही म्हणाले, जरा उशिरा. तोपर्यंत त्यांचं गरम केलेलं अंग थंड झालं होतं. बाबली नारळ फोडून कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसला आणि वडाखालच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

वीस मिनिटं उशिरा शिट्टी झाली. जयराम सगळ्यांत मागून निघाला. चिंचेपाशी दुसरा गियर, तोंड मिटलेलं. पुढे धावत सुटलेले पुष्कळजण कमरेवर हात ठेवून उभे होते, त्यांना त्याने एक एक करून मागे टाकलं आणि प्रत्येकाला टाकताना त्याला बरं वाटलं. वडापाशी उजव्या फाट्यावर यंत्रवाल्यांचा एक माणूस लाल निशाण हलवत होता आणि डावीकडे खुर्चीत बसलेला बाबली हात हलवत होता. बाहेरचे निशाणाकडे गेले. मुळगावचे अकराजण बाबलीकडे गेले, त्यात जयराम आठवा. निशाण बाहेरच्यांसाठी आहे अशी गावकऱ्यांची समजूत, आणि म्हाताऱ्याच्या बाजूने जाणारे कुणी शर्यतीतले नसणार अशी निशाणवाल्याची. जयरामने देवाला धावता धावता हात जोडले, माथ्यावरचा कातळी सडा ओलांडला, पलीकडची उतरण गुडघे सांभाळत उतरला आणि मैदानात शिरला तेव्हा कमानीवरच्या घड्याळात एकेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. सुशीला कमानीखालीच उभी होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत.

तेवढ्यात जयरामच्या फोनवर मेसेज आला. सुशीलाने वाचला. 'प्रिय जयराम, तुमची शर्यत अपूर्ण राहिली. निराश होऊ नका. पुढच्या वर्षी अवश्य प्रयत्न करा.'

योगिताच्या टेबलाभोवती मुळगावचे अकराही जण जमले. सगळ्यांना तोच मेसेज आला होता.

"वडाजवळची पट्टीच लागलेली नाही तुमची," योगिता म्हणाली. "शॉर्टकट मारला असं दाखवतंय."

"शॉर्टकट?" दत्तप्रसाद म्हणाला. "आमी लांबून जातो, बाई. पट्टीवाले लोक आखूड वाटेन गेले."

"सर, मला पटतंय वो. पण मशीनला कसं पटवू?"

फोनवर बाबलीची साक्ष झाली. बाबली म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी अकराजण मोजले, सगळे देवाला उजवीकडे ठेवून गेले. योगिताने ती साक्ष आदराने ऐकली आणि म्हणाली की बाबलींना कुठे चिकटवायचं ते तिच्या लॅपटॉपात नाही. मग तिने आपल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, वाट दोन तास उघडी आहे. ज्याला सर्टिफिकेट हवं त्याने परत जाऊन ती पट्टी ओलांडावी आणि पूर्ण फेरी मारून यावं. वेळ मात्र सुरुवातीपासूनचीच लागेल.

दहाजण हसले, पोह्यांची बशी घेऊन मैदानात बसले. त्यांना सर्टिफिकेटचं काय करायचं होतं? जयराम टेबलापाशीच उभा राहिला. दत्तप्रसादने त्याला बाजूला घेतलं.

"मी सांगतंय ग्रुपार. कमानीवरचो टायम सगळ्यांनी बगलो आसा."

"फोटो काडलोस?"

फोटो कोणी काढला नव्हता. ग्रुपवर निकालाची यादी आधीच आली होती आणि तिच्यात लिहिलं होतं, 'जयराम परब, अपूर्ण.' त्याखाली कोणीतरी हात जोडलेले टाकले होते.

"दत्तू," जयराम म्हणाला. आवारात असून त्याने दत्तू म्हटलं. "मी जातंय."

घड्याळात अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. एक फेरी मारून, बसून, पाणी पिऊन थंड झालेलं शरीर परत चढणीला लावणं म्हणजे काय, हे बंद पडलेला टिप्पर चढावर ज्याने चालू केलाय त्यालाच कळेल. चिंचेपर्यंत तो धावला. चिंचेच्या पुढे धावला असं म्हणवत नाही. रस्त्यावर कोणी नव्हतं, पाण्याचे रिकामे पेले पडलेले होते. मांड्या लाकडाच्या झाल्या आणि वड दिसला तेव्हा आपण वर आलो याचा आनंदही त्याला झाला नाही.

निशाणवाला पोहे खायला गेला होता. बाबलीची खुर्चीत मान पडली होती. उजव्या फाट्यावर काळी पट्टी पसरलेली होती, जयरामपासून पंधरा पावलांवर. पंधरा पावलं टाकायची, पुढे निघायचं. बघायला कोणी नव्हतं, आणि बाबलीने चुकीच्या पावलांसाठी सकाळी सांगूनच ठेवलं होतं. जयराम फाट्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याचा पाय उचलेना. दमला होता म्हणून नव्हे. ह्या तोंडातून तो एकदाच आत गेला होता. समोर त्याला रस्ता दिसेना, गटार दिसत होतं आणि गटाराच्या काठावर पडलेली पाटी.

तो वळला. डावीकडच्या लांब फाट्याने वर गेला, वडाला वळसा घालून पलीकडून आला आणि आखूड फाट्याने खाली उतरला, देव उजव्या हाताला ठेवून. उतरताना पट्टीवर पाय दिला. पट्टी टुंई वाजली. यंत्राला माणूस वरून आला की खालून याचं सोयरसुतक नव्हतं. मग फाट्याच्या तोंडाशी येऊन तो पुन्हा डावीकडून वर चढू लागला, म्हणजे तो वळसा त्या सकाळी तिसऱ्यांदा.

त्या आवाजाने बाबली जागा झाला. "किता रे जयराम, परत?"

"परत."

"बरां," बाबली म्हणाला आणि त्याने मान पुन्हा टाकली.

मैदानात तो पोचला तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. योगिताने दोन माणसांना ओरडून थांबवलं. ती टेबलावरून उठून उभी राहिली आणि तिने एकटीने टाळ्या वाजवल्या. सर्टिफिकेट छापून हातात दिलं. जयराम परब, पाच किलोमीटर, एक तास एकोणपन्नास मिनिटे बारा सेकंद. क्रमांक दोनशे एक, दोनशे एकांपैकी.

दत्तप्रसादने ते दोनदा वाचलं. पंचेचाळीसचं बोलणं झालं होतं, पण कागद मिळाला तर ग्रुपवर टाकीन असंही तो बोलला होता. त्याने टाकला. पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. 'पाच किलोमीटराक दोन तास?' 'आमची आजी चलत गेली आसती.' 'सर, कंत्राटदाराक फोन करा.' सुशीलाने ती घरी पडवीत बसून वाचली आणि मोठ्याने वाचली नाहीत. जयराम पाय गरम पाण्यात घालून बसला होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. तो टिप्पर उभा असायचा त्या जागेकडे बघत राहिला. तिथे आता वासरू बांधलेलं होतं.

दुपारी चारच्या सुमाराला सुशीला म्हणाली, "आयकलास? संजनान लिवलां."

"कोण संजना?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं.

सुशीलाने वाचलं. "'माजो झील दुसरीत आसा, ह्याच बसीन येता. पंचवीस वर्सां आदीं जयराममामाचो टिप्पर वडाकडे चुकीच्या बाजून इलो आनी माजो हात मोडलो. गावात सगळ्यांक म्हाईत आसा, कोण बोलणा नाय. आज मामा दुसऱ्यांदा चडान वर इलो तेन्ना मी घराच्या बलकांवात बसलेलंय. पट्टी समोर होती, बगूक कोण नाय होतो, पाय उचलणा नाय होते. तरी तो त्या बाजून गेलो नाय. सगळो वळसो घालून इलो. माज्या झिलाक व्हरूक-हाडूक माका होच ड्रायव्हर होयो. दुसरो हाडलास तर मी झिलाक चलत धाडतलंय.'"

जयराम म्हणाला, "परत वाच."

तिने परत वाचलं. तो पाण्यातून पाय काढून तसाच ओल्या पायांनी अंगणात गेला, वासराची दोरी सोडली, परत बांधली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून पाठमोरा बराच वेळ उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

ग्रुपवर त्यानंतर तासभर कोणी काही लिहिलं नाही. मग कोणीतरी विचारलं, सोमवारी मुलांना रंगीत कपडे आहेत का. दत्तप्रसादने लिहिलं, नाहीत, आणि बस नेहमीप्रमाणे सव्वासातला, ड्रायव्हर जयराम परब.

सोमवारी जयरामला बसच्या पायऱ्या चढताना दांड्याला धरून चढावं लागलं. वडाच्या अलीकडे त्याने रोजच्यासारखा हॉर्न दिला, डावीकडचा फाटा धरला आणि पलीकडच्या थांब्यावर बस उभी केली. संजना मुलाचा हात धरून उभी होती.

"आयलो," ती म्हणाली.

जयरामने इंजिन बंद केलं. थांब्यावर तो इंजिन कधी बंद करत नसे, त्यामुळे मागची मुलं गप्प झाली.

"त्या दिसा," तो म्हणाला, "चूक माजी होती, बाय."

"म्हाईत आसा, मामा," ती म्हणाली. तिने मुलाला उचलून पायरीवर ठेवलं. "पाय दुखतत?"

"दुखतत."

"मगे सावकाश व्हरा."

जयरामने इंजिन चालू केलं आणि बस पहिल्या गियरमध्ये निघाली. मागून कोणीतरी ओरडलं, "मामा, फास्ट!"